असामान्यतेचा पुरावा

लेखणी धरणाऱ्या मनुष्यावर परमेश्वराचा एक मोठा उपकार आहे. तो हा की, त्याने लिहिलेली बहुतेक पत्रे कोणी दुसऱ्यांदा वाचीत नाही. आम्ही आयुष्याची चौतीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकविण्यात घालविली, आणि त्या अवधीत शिफारसपत्रे, चालचलणुकीचे दाखले, निरोपसमारंभाची मानपत्रे यांचा जो ढीग आमच्या हातून निर्माण झाला त्याबद्दल कोणी कधी जाब विचारला नव्हता. तो प्रसंग गेल्या पावसाळ्यात आला. जाब विचारणारा आमच्याच हाताखालून गेलेला एक विद्यार्थी होता, आणि त्याने तो रागाने नव्हे, फार संकोचाने, समुद्रापलीकडून फोनवर विचारला. "गुरुजी, तुम्ही माझ्यासाठी ते पत्र लिहिलं होतं ना, ते वाचून दाखवू का?" असे तो म्हणाला, आणि पहिली तीन वाक्ये ऐकताच आमच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

येडगाव हे जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठचे गाव. येथील धरण 1977 साली पुरे झाले, तेव्हापासून बाहेरचा मनुष्य गावाला पाण्यावरून ओळखतो. नारायणगावची पेठ जवळ असल्यामुळे टोमॅटो आणि द्राक्षे यांचे भाव आमच्या लोकांस तोंडपाठ असतात. पण आमच्या आळीत मारुतीच्या देवळामागे एक मल्लखांब पुरलेला आहे, त्याचा हिशेब कोणी कधी ठेविला असेल असे आम्हांस वाटले नव्हते. खांब सागवानी, वर निमुळता होत गेलेला, माथ्यावर गोल बोंड असलेला, आणि वर्षानुवर्षे एरंडेल पिऊन काळा झालेला आहे. ज्यांना सारा गाव वस्ताद म्हणतो ते गृहस्थ आमच्याहून सात वर्षांनी वडील. शेतीतून उरलेल्या वेळात त्यांनी गावच्या पोरांना ही विद्या शिकविली, आणि तिच्यासाठी कधी एक पैसा घेतला नाही.

ज्या मुलाची ही हकीकत आहे तो आठव्या वर्षी त्यांच्याकडे आला. पुढे तो पुण्यामुंबईच्या स्पर्धांत उतरला, मग स्वतः शिकवू लागला, आणि तात्पुरत्या परवान्यावर अमेरिकेत जाऊन तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांस मल्लखांबावर चढवू लागला. हळूहळू त्या मुलांचे अमेरिकन सोबतीही येऊ लागले. तेथेच राहून हेच काम जन्मभर करावे, असा त्याचा मानस झाला आणि त्याने कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, ज्यास लोक ग्रीन कार्ड म्हणतात त्यासाठी, 'असामान्य गुणवत्ता' या सदराखाली अर्ज केला. तो नामंजूर झाला. नामंजुरीच्या हुकमात आमच्या पत्राचा स्वतंत्र उल्लेख होता.

आता हे सदर काय आहे ते वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आम्हांसही ते तोपर्यंत ठाऊक नव्हते. अमेरिकेने 1917 साली कायदा करून हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातील लोकांस दार बंद केले होते. ते 1946 साली किलकिले झाले, तेही वर्षाला शंभर माणसांपुरते. आणि 1965 साली देशवार वाटे रद्द झाले. तोवरचा प्रश्न 'तू कोठला?' हा होता. 1990 च्या कायद्याने त्याच्या जोडीस 'तुला काय येते?' हा प्रश्न मोठ्या थाटात आणून बसविला. विज्ञान, कला, शिक्षण, व्यापार आणि क्रीडा या पाच प्रांतांत ज्याने अगदी शिखर गाठले असेल, ज्याची कीर्ती राष्ट्रात वा राष्ट्रांराष्ट्रांत झाली असेल आणि टिकली असेल, त्याने कोणा मालकाच्या शिफारसीवाचून स्वतःच अर्ज करावा, अशी त्यात सोय आहे. नोबेल पारितोषिक किंवा ऑलिंपिकचे पदक पदरी असले तर तेवढे एकच पुरते. नसले तर दहा प्रकारच्या पुराव्यांपैकी निदान तीन हजर करावे लागतात. मिळालेली बक्षिसे, निवडक मंडळींच्या संस्थेचे सभासदत्व, आपल्याविषयी वृत्तपत्रांत आलेला मजकूर, इतरांच्या कामाचे परीक्षण करण्याचा मान, क्षेत्रात घातलेली नवी भर, नामांकित संस्थेतील महत्त्वाचे काम, इतरांहून मोठा मेहनताना, हे त्यांतील काही प्रकार. इतके झाल्यावर अधिकारी सगळ्याचा साकल्याने विचार करतो आणि हा मनुष्य खरोखर शिखरावर आहे काय ते ठरवितो.

ही दोन पायऱ्यांची रीत 2010 साली पोघोस काझारियन नावाच्या आर्मेनियन पदार्थविज्ञानवेत्त्याच्या खटल्यानंतर रूढ झाली. पुरावे मोजण्याच्या वेळीच कायद्यात नसलेल्या अटी अधिकाऱ्याने आपल्या पदरच्या घालू नयेत, असे अपील न्यायालयाने बजाविले. तरी त्या शास्त्रज्ञाचे दोनच पुरावे ग्राह्य ठरून तो बिचारा हरला तो हरलाच. आम्हांस मात्र त्याचा थोडा हेवा वाटला. विद्वानांचे बरे असते. आमच्या शेजारी खोडद येथे आकाशातील रेडिओलहरी टिपणारी मोठी दुर्बीण आहे. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्या आहेत. तेथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने जे पाहिले ते नियतकालिकात छापून येते, दुसरे शास्त्रज्ञ त्याचा आधार घेतात आणि त्या आधारांचीही मोजदाद होते. मल्लखांबावर अंतराळी तरंगणाऱ्या मुलाने जे केले ते अर्ध्या मिनिटात हवेत विरून जाते. मागे राहतो तो खांबावरचा घाम, आणि तोही दुसऱ्या दिवशी एरंडेलाने पुसला जातो.

आमच्या मुलखात कीर्तीचा निवाडा नेहमी तोंडीच होत आला. नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि जत्रेची सुपारी द्यायला गावोगावचे पुढारी येतात, ते कोणा कलावंतिणीकडे प्रमाणपत्र मागत नाहीत. गेल्या साली अमक्या गावी पहाटेपर्यंत माणूस हलला नाही, एवढे कानावर आलेले पुरे होते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींकडून गौरव लाभला. पण ज्यांनी त्यांना ऐकले होते त्यांना त्या गौरवाची वार्ता म्हणजे आपलेच मत दिल्लीस उशिरा पोहोचल्याची वार्ता वाटली. अशा मुलखात वाढलेल्या मुलाने परमुलखातील कचेरीस आपल्या असामान्यतेचा कागद दाखवावयाचा होता, आणि तो कागद लिहिण्यासाठी त्याने आमच्यावर भिस्त ठेविली होती.

आम्ही काय लिहिले होते? ते येथे सांगणे हे प्रायश्चित्ताचाच एक भाग समजून सांगतो. 'सदर तरुण हा महाराष्ट्राच्या मातीतील एक अद्वितीय रत्न असून मल्लखांबविद्येतील त्याचे असामान्य प्रभुत्व पाहून प्रेक्षक मंत्रमुग्ध होतात', असे आमचे पहिले वाक्य. दुसऱ्यात तो अढळ ध्रुवतारा झाला होता. तिसऱ्यात त्याच्या विनयाची तारीफ होती, जिचा मल्लखांबाशी काही संबंध नाही. सारे पत्र चहाचा पेला निवण्याच्या आत लिहून झाले होते, याचाही तेव्हा आम्हांस अभिमान वाटला होता. इतक्यावर भागते तर बरे. गावातील दुसऱ्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने, त्यालाही पत्र द्यावयाचे होते म्हणून, "गुरुजी, तुम्हीच लिहा, मी सही करतो," असे म्हटले. आणि आम्ही आळसाने आमचेच पत्र थोडे उलटसुलट करून त्याच्या नावावर घातले. रत्न आणि ध्रुवतारा दोन्हीकडे जागच्या जागी राहिले.

हुकमात लिहिले होते की, या दोन पत्रांतील भाषा एकच आहे. दोहोंत स्तुती आहे, पण अर्जदाराने नेमके काय केले, केव्हा केले, आणि त्यामुळे त्या विद्येत कोणता फरक पडला याविषयी एक अक्षर नाही. आम्ही हे दोनदा वाचून घेतले. शाळेत असतो तर एखाद्या मुलाच्या निबंधावर आम्ही लाल शाईने हाच शेरा मारला असता.

या शेऱ्याविरुद्ध आम्हांस काही बोलता येईना. मराठी मनुष्य विशेषणांच्या बाबतीत उधळा झाला आहे, हे खरेच आहे. चौकाचौकांतील फलकांवर कोणी कार्यसम्राट असतो, कोणी हृदयसम्राट. आणि ज्याचा वाढदिवस आहे तो पोरगा अद्याप बारावी उतरलेला नसतो. लग्नपत्रिकेपासून मृत्युलेखापर्यंत आपण माणसावर शब्दांची फुले इतकी उधळतो की त्याचा चेहरा दिसू नये. आपसांत हे चालते, कारण ऐकणारा मनातल्या मनात वजावाट करून घेतो. परका मनुष्य ती वजावाट करीत नाही. तो सरळ विचारतो की, रत्न म्हणजे काय, आणि किती वजनाचे?

मुलाच्या अर्जात दुसरीही एक अडचण होती, आणि ती आमच्या पत्राहून खोल होती. त्याची पदके होती ती स्वतः खांबावर चढून मिळविलेली; तो परवाना मागत होता तो शिकविण्यासाठी. या दोहोंत अंतर आहे, असे तेथील न्यायालयाने पूर्वीच म्हटले आहे. कोरियात ली मान-सू नावाचा बेसबॉलचा मोठा नामांकित खेळाडू होऊन गेला. तो शिकागोच्या संघात शिक्षक म्हणून आला आणि त्याने याच सदराखाली अर्ज केला. 2002 साली शिकागोच्या न्यायालयाने नामंजुरी कायम केली. खेळाडू म्हणून तो असामान्य असेल, पण शिक्षक म्हणून असामान्य आहे याचा पुरावा कोठे, असा त्या निकालाचा आशय. गंमत अशी की, 2005 साली त्याच संघाने अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा हा गृहस्थ त्याच संघाच्या शिक्षकवर्गात होता. पुढे या नियमास थोडी सवलत जोडली गेली. खेळाडूची कीर्ती अलीकडची असेल आणि शिकविण्यातही त्याने राष्ट्रीय पातळीवर काही करून दाखविले असेल, तर दोन्ही एकत्र पाहावी असे आता अधिकाऱ्यांना सांगितलेले आहे.

निकाल नेहमीच अर्जदाराच्या विरुद्ध जातात असेही नाही. बर्फावरील हॉकीत स्टू ग्रिमसन नावाचा एक धिप्पाड खेळाडू होता. गोल करणे हे त्याचे काम नव्हे. आपल्या गड्यांना कोणी धक्काबुक्की केली तर त्याला मुठींनी समज देणे, हे त्याचे काम. अशा मनुष्याला असामान्य कसे म्हणावे, असे कचेरीस वाटले. 1996 साली न्यायालयाने ग्रिमसनच्या बाजूने निकाल दिला; त्या खेळात असल्या गड्याची गरज असते आणि त्या कामात तो अव्वल आहे, ही गोष्ट डावलता येत नाही, असे मानले. वस्तादांना आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा ते फार वेळ हसले आणि म्हणाले, "असला एक गडी आपल्याबी जत्रंत असायचा."

वस्तादांकडे आम्ही गेलो होतो ते नव्या पत्रासाठी. नामंजुरीनंतर अपिलास तीस दिवस असतात, निकाल टपालाने आला तर तेहतीस. अपील प्रथम त्याच कचेरीपुढे जाते. तिने मन बदलले नाही तर वरच्या कार्यालयाकडे पाठविले जाते. सविस्तर टिपण जोडण्यास अपिलानंतर आणखी तीस दिवस मिळतात. मुलाच्या वकिलाने सांगून ठेविले होते की, रडगाणे चालणार नाही. कायद्याची किंवा वस्तुस्थितीची कोणती चूक झाली ते दाखवावे लागेल. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदासोबत संपूर्ण भाषांतर पाहिजे, आणि भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचा व आपणांस दोन्ही भाषा येत असल्याचा भाषांतरकाराचा लेखी दाखला पाहिजे. हे शेवटचे काम मुलाने पुन्हा आमच्यावरच सोपविले. त्याच्या जागी आम्ही असतो तर दुसरा मनुष्य शोधला असता.

आम्ही वस्तादांना सारे समजावून सांगितले. ते ओसरीवर बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "गुरुजी, म्या काय लिव्हू? तिथल्या साहेबाला म्हणावं, खांब पुरा अन् पोराला चढवा. डोळ्यांनी बघा. अन् मग काय ते ठरवा."

याला उत्तर काय द्यावे ते आम्हांस सुचेना, कारण आमच्या इतिहासात असे एक अपील खरोखरच झालेले आहे आणि ते यशस्वी झाले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि मातीवर वाढलेला हा मल्ल गादीवर सहावा आला. 1952 च्या हेलसिंकीसाठी मद्रासला कुस्त्या झाल्या, तेथे त्यांना प्रतिस्पर्ध्याहून एक गुण कमी देण्यात आला. हा पक्षपात आहे असे खाशाबांचे म्हणणे. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी कागद चाळीत न बसता पुन्हा कुस्ती लावून दिली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्यास चीत केले आणि निवाडा झाला. पुढे प्रवासाचा पैसा उभा राहीना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. शिफारसपत्र लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आम्ही चहाचा पेला निवण्याच्या आत पत्र लिहिले. त्या गृहस्थांनी घराची कागदपत्रे सावकाराच्या हाती ठेविली.

हेलसिंकीस खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र हिंदुस्थानाला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक, आणि दुसरे मिळण्यास पुढे 1996 साल उजाडावे लागले. परत आल्यावर कऱ्हाडाहून एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक निघाली असे सांगतात. अमेरिकेच्या आजच्या कायद्यापुढे ते एक पदक ठेविले असते तर दहांपैकी तीन पुरावे शोधण्याचे कारणच उरले नसते. उलटपक्षी पदकाच्या आदल्या महिन्यात कोणी त्यांच्या असामान्यतेचे कागद मागितले असते, तर लंडनचा सहावा क्रमांक आणि मद्रासचा तो उणा गुण एवढेच निघाले असते. आणि पदकानंतर तरी घरच्यांनी काय केले? खाशाबा 1955 साली पोलिसात फौजदार झाले, 1984 साली अपघातात वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, 2000 सालच्या यादीत मिळाला. परक्या कचेरीस दोष देताना आमची जीभ जड होते ती यामुळे.

पण पतियाळाचे महाराज आता नाहीत, आणि हजारो अर्ज निकालात काढणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येकासाठी खांब पुरावा अशी अपेक्षाही करता येत नाही. आम्ही वस्तादांना म्हटले, "वस्ताद, तिथं खांब नाही, फक्त कागद आहे. तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का?"

ते उठून आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक लांबट वही घेऊन आले. किराणा दुकानदार वापरतात तसली, लाल कापडाच्या बांधणीची. आमचे घर आणि त्यांचे घर यांत चाळीस पावलांचे अंतर. आम्ही या मनुष्यास पन्नास वर्षे ओळखतो. पण ही वही असल्याची आम्हांस वार्ता नव्हती. प्रत्येक मुलास एक पान. वर नाव, खाली तारखा. 'साधी अढी आली.' 'दसरंग आला, पाय वाकडा.' 'सुईदोरा, तीन वेळा पडला, हात धरवत नाही.' मध्येच 'एरंडेल दोन शेर' आणि त्याची किंमत. कौतुकाचा शब्द शोधून सापडेना. आमच्या मुलाच्या पानावर आठव्या वर्षापासूनच्या नोंदी होत्या; आणि त्यानंतर, जे पाहून आम्ही खुर्चीत सरसावून बसलो ते असे की, मुलगा सतरा वर्षांचा झाल्यावर वस्तादांनी त्याच्या नावाचे दुसरे पान उघडले होते. त्यावर मथळा होता 'याने शिकविलेले'. खाली चौदा मुलामुलींची नावे होती, कोणास काय केव्हा आले त्याच्या तारखा होत्या, आणि एक नोंद अशी: 'वेतावर लहान पोरं भितात म्हणून याने खाली गादी न घालता दोरीच्या गाठीवरून चढवायची रीत काढली. भीती जाते. आता आपणही तसेच शिकवितो.'

कचेरीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या चार ओळींत होते. विद्येत नवी भर कोणती पडली, आणि ती दुसऱ्याने उचलली काय? येथे तर गुरूनेच शिष्याची रीत उचलली होती, आणि तारीख घालून तसे लिहूनही ठेविले होते.

पुढचे तीन आठवडे आम्ही वहीतल्या चौदा घरी फिरलो. प्रशस्तिपत्रे कोठे कोठे सापडली ते सांगावयाचे तर दुसरा लेख होईल. एक देव्हाऱ्यात होते, एक गादीखाली, एक कालनिर्णयाच्या मागे खिळ्यास लटकत होते. एका मुलीचे पदक तिच्या सासरी गेले होते, तिने स्वतः ते घेऊन माहेरी यावे लागले, आणि तिच्या सासूबाई, "आमच्या सुनेचं नावही त्या कागदात येणार का?" असे विचारून तिच्याबरोबर आल्या. यांतील पाच मुले राज्यपातळीवर पोहोचली होती. हे सगळे गावाला माहीत होते आणि कोणी कधी एका जागी मांडले नव्हते.

भाषांतराने आमची परीक्षा पाहिली. 'सुईदोरा' शब्दशः इंग्रजीत घातला तर साहेबास शिंप्याचा वास येईल. 'दसरंग' म्हणजे दहा रंग नव्हेत. पुण्याच्या एका ग्रंथालयात आम्हांस बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा आधार मिळाला. त्यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत दहा खंडांत सिद्ध केला आणि 1950 साली त्याचा इंग्रजी अवतारही प्रसिद्ध केला. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबविद्या पुन्हा उभी केली ही परंपरा अनेकांस ऐकून ठाऊक असते. पण ती विद्या शब्दांत आणि चित्रांत बांधून ठेवण्याचे कष्ट मुजुमदारांनी घेतले, आणि इतक्या वर्षांनी त्यांचे पुस्तक एका खेड्यातील मुलाच्या साक्षीस उभे राहिले. तिला जोड म्हणून 2019 च्या फेब्रुवारीत मुंबईस शिवाजी पार्कवर भरलेल्या पहिल्या जागतिक मल्लखांब स्पर्धेची, जीत पंधरा देशांचे खेळाडू उतरले होते, कात्रणे लाविली. आणि दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना मल्लखांबातील कार्यासाठी 2024 साली पद्मश्री मिळाल्याची बातमीही लाविली, जेणेकरून या विद्येतही शिक्षकाचा मान वेगळा ओळखला जातो हे दिसावे. वकिलाने पाठविलेल्या टिपणात चवाथे नावाच्या अर्जदाराच्या 2010 च्या प्रकरणाचा आधार होता; ते आडनाव आपल्याकडचे वाटून आम्ही क्षणभर थांबलो. त्यात ठरले ते असे: अर्जदाराने निःसंशय सिद्ध करण्याची गरज नाही, त्याचे म्हणणे खोटे असण्यापेक्षा खरे असण्याचा संभव अधिक, एवढे दाखविले म्हणजे पुरते. हे वाचून आम्हांस प्रथमच धीर आला.

राहिले वस्तादांचे पत्र. ते बोलले आणि आम्ही लिहून घेतले. मुलगा पहिल्या दिवशी किती वेळा पडला, कोणत्या वर्षी वेतावर चढला, शिकविताना कोठे हात धरतो आणि कोठे सोडतो, हे ते जसेच्या तसे सांगत गेले. दीड तासात ते एकदाही 'चांगला' म्हणाले नाहीत. आम्ही त्याचे इंग्रजी केले, आणि दुसऱ्या दिवशी सहीपूर्वी त्यांच्या समजुतीसाठी ते इंग्रजी पुन्हा मराठीत वाचून दाखविले. शेवटच्या वाक्याशी त्यांनी हात वर केला.

"हे 'असामान्य' मी कुठं म्हटलं?"

त्यांनी म्हटले नव्हते. आमच्या लेखणीने सवयीप्रमाणे घातले होते. आणि त्याच कागदाखाली, भाषांतर पूर्ण व अचूक आहे असा दाखला आमच्या सहीचा होता. आम्ही तो शब्द काढून पान नव्याने छापून आणले. मग वस्तादांनी चष्मा पुसून, एकेक अक्षर सुटे ठेवून, मराठीत सही केली आणि विचारले, "तारीख घातली का?"

कागद नारायणगावाहून रवाना झाले आणि मुदतीच्या चार दिवस आधी पोहोचले. उत्तर अद्याप आलेले नाही. वही वस्तादांना परत केली आहे. तीत या महिन्यात दोन नवी पाने उघडली गेली.